किमान मुक्कामाची अट: फ्लॅट लिस्ट करण्याआधी हे बघा

एअरबीएनबीसारख्या अ‍ॅपवर लिस्टिंग टाकण्याआधी सोसायटीला लेखी अर्ज देऊन उपविधी (सोसायटीचे नियम) आणि भाड्याबाबतच्या सर्वसाधारण सभेच्या ठरावाची प्रत घ्या. ब्रोकरच्या 'चालतं हो' वर विसंबू नका. पाहुणा बॅगा घेऊन गेटवर उभा असताना वाद निघाला, तर त्याची काहीच चूक नसताना त्याचे हाल होतात.

ठरावात किमान ३० दिवस भाड्याने द्यायची अट असेल तर अ‍ॅपमध्ये किमान रात्री ३०च ठेवा. एअरबीएनबीवर दीर्घ मुक्काम २८ रात्रींपासून धरतात, म्हणून अनेकजण २८ टाकतात आणि दोन रात्रींसाठी अडकतात. दोन अ‍ॅप वापरत असाल तर तीच अट दोन्हीकडे स्वतंत्रपणे टाका. दोन्हींची कॅलेंडर एकमेकांना जोडली की भरलेल्या तारखाच पलीकडे जातात, अट नाही. आधीची बुकिंग्जही नव्या सेटिंगमुळे रद्द होत नाहीत, ती एकेक तपासा. महिन्याचं बुकिंग करून नंतर दहा रात्रींवर आणायची विनंती आली तर सरळ नकार द्या. अट खरी इथेच मोडते.

महिनाभराच्या पाहुण्याशी लिव्ह अँड लायसन्स करार (ठरावीक मुदतीसाठी घर वापरायला देण्याचा करार) करा. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ च्या कलम ५५ नुसार तो लेखी आणि नोंदणीकृत हवा, आणि नोंदणीची जबाबदारी घरमालकाची. पाहुणा परदेशी असेल तर आल्यापासून २४ तासांत इमिग्रेशनच्या पोर्टलवर नोंद करा. सोसायटी नॉन-ऑक्युपन्सी चार्ज (मालक स्वतः राहत नसल्याबद्दलचं शुल्क) लावेल. तो सेवाशुल्काच्या १० टक्क्यांपर्यंतच लावता येतो, पालिकेचे कर त्यात धरायचे नाहीत. बिल आलं की एवढं ताडून बघा.