फ्रीझरमध्ये बर्फ, खालच्या कप्प्यात दूध नासतं: वॉरंटी संपली म्हणजे दावा संपला का?

मानेवाड्याहून एका ताईंचं पत्र आलं आहे. 10 मे 2024 ला, अक्षय्य तृतीयेच्या मुहूर्तावर, त्यांनी सीताबर्डीच्या एका दुकानातून 28,900 रुपयांचा दोन दारांचा फ्रॉस्ट-फ्री फ्रीज घेतला. पुढच्या एप्रिलमध्ये त्रास सुरू झाला. वर फ्रीझरमध्ये बर्फ दगडासारखा, पण खाली सकाळी ठेवलेलं दूध संध्याकाळी फाटायचं. 11 एप्रिल, 24 एप्रिल आणि 6 मे असा तीनदा कंपनीचा माणूस येऊन गेला. दर वेळी त्याने फ्रीज बंद ठेवायला लावला, मग तो पाच-सहा दिवस बरा चालला आणि पुन्हा तेच. जूनमध्ये चौथ्यांदा तक्रार केली तेव्हा उत्तर आलं की वॉरंटी 9 मेला संपली, गॅस भरायचे 4,200 रुपये पडतील. वर हेही ऐकवलं की नागपूरच्या उन्हाळ्यात एवढं चालायचंच, आणि तुम्ही घरून डबे देता म्हणजे हा कमर्शियल वापर झाला. दुकानदार म्हणतो, कंपनीशी बोला. घरात सासूबाईंचं इन्सुलिन आहे. ताई विचारतात, आता काही होऊ शकतं का?

ताई, होऊ शकतं, आणि तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा भक्कम आहे. पण कायद्याआधी इन्सुलिन. न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंशांत राहायला हवं. तुम्ही लिहिता की तुमच्या खालच्या कप्प्याचं तापमान 13 अंश आहे, म्हणून ते फ्रीझरमध्ये ठेवायचा मोह होईल. तसं करू नका, गोठलेलं इन्सुलिन वाया जातं. शेजाऱ्यांच्या चालू फ्रीजमध्ये ठेवा. जे इतके दिवस गरम कप्प्यात होतं ते वापरण्याआधी डॉक्टरांना विचारा. फेकावं लागलं तर मेडिकल स्टोअरचं बिल आणि खोक्यांचे फोटो जपून ठेवा, ते तुमच्या नुकसानीत धरता येईल.

आता फ्रीजकडे येऊ. मी मेकॅनिक नाही, पण अशी प्रकरणं चालवताना हे यंत्र समजून घ्यावंच लागतं. तुमच्यासारख्या बहुतेक फ्रॉस्ट-फ्री फ्रीजमध्ये गार करणारी कॉइल एकच असते, फ्रीझरच्या मागच्या पत्र्याआड. एक छोटा पंखा तिथली थंड हवा वाहिनीतून खालच्या कप्प्यात ढकलतो. कॉइलवर साचणारं हिम ठरावीक वेळाने वितळवायला हीटर असतो. तो हीटर किंवा त्याचा सेन्सर बिघडला की कॉइलवर बर्फाची भिंत चढते, हवेची वाट बुजते, आणि वर गोठलेलं, खाली कोमट अशी अवस्था होते. फ्रीज बंद ठेवला की बर्फ वितळतो, म्हणून पाच-सहा दिवस सगळं ठीक. बर्फ पुन्हा चढला की पुन्हा तक्रार. तुमच्या तीन भेटींची हकिकत याच बिघाडाकडे बोट दाखवते. पंखा किंवा हवेची झडप अडकली तरीही लक्षण जवळपास हेच दिसतं, पण मग बंद-चालू करून असा आठवडाभराचा आराम सहसा मिळत नाही.

आणि म्हणूनच गॅसची गोष्ट पटत नाही. गॅस कमी झाला तर फ्रीझरही ढिला पडतो. फ्रीझर उणे 18 ला टिकत असेल तर गॅस भरायचे 4,200 रुपये कशासाठी, हे त्यांना लेखी विचारा. उन्हाळ्याच्या सबबीचंही तसंच. फ्रीजच्या मागे किंवा आत जी पट्टी असते तिच्यावर हवामानाचा वर्ग लिहिलेला असतो. ‘टी’ असेल तर ते यंत्र 43 अंशांपर्यंतच्या हवेत चालण्यासाठी बनवलेलं आहे. नागपूरने 23 मे 2013 ला 47.9 अंश पाहिले, हे खरं. पण ते बाहेरचं तापमान, तुमच्या स्वयंपाकघरातलं नव्हे. शिवाय आता पावसाळा लागला तरी खाली 13च आहे, असं तुम्ही लिहिता. तुमचा सगळ्यात मोठा साक्षीदार तो गोठलेला फ्रीझरच आहे, त्याला जपा.

वॉरंटी संपली, या वाक्याने घाबरू नका. दोष 11 एप्रिलला उघड झाला आणि त्याच दिवशी नोंदला गेला. तेव्हा वॉरंटीचा जवळपास महिना शिल्लक होता. मुदतीत नोंदलेला दोष दुरुस्त न करता मुदत संपण्याची वाट पाहायची, ही माझ्या मते सरळ सेवेतली त्रुटी आहे. कम्प्रेसरच्या दहा वर्षांच्या वॉरंटीवर मात्र भिस्त ठेवू नका. तुमचा कम्प्रेसर चालू आहे आणि तो मुद्दा धरला तर कंपनी तिथेच तुम्हाला गुंतवेल.

डब्यांबद्दल. ग्राहक संरक्षण कायदा 2019 मध्ये नफ्याच्या व्यापारासाठी घेतलेली वस्तू वगळली आहे, पण स्वतः राबून केवळ पोट भरण्यासाठी केलेला वापर ‘व्यापारी’ मानलेला नाही. तुम्ही मेडिकलच्या सहा मुलांना डबे देता आणि तोच फ्रीज घरालाही लागतो. खरेदी व्यापारासाठी होती हे सिद्ध करण्याचा भार समोरच्यावर आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने 2024 मध्ये स्पष्ट केलं आहे. तरी वॉरंटी कार्डावर व्यापारी वापराची अट काय आहे ते वाचा आणि डबे लपवू नका. लपवलेली गोष्ट उलटतपासात निघाली की खऱ्या गोष्टींवरही शंका येते.

पुराव्याचं काम या आठवड्यात करा. आधी तुमच्या बाजूची खोट काढून टाका, कारण कंपनीच्या जबाबात ती पहिली येणार: मागच्या हवेच्या जाळीला भांडी टेकलेली नाहीत, दाराचं रबर नीट बसतं, फ्रीज भिंतीला चिकटलेला नाही. कप्पा अर्धा रिकामा करा, मधल्या फळीवर पाण्याच्या पेल्यात थर्मामीटर रात्रभर ठेवा आणि सकाळी दार उघडताक्षणी फोटो काढा. चार-पाच दिवस असंच. चार-पाच अंशांच्या आसपास असायला हवं, तुमचे आकडे बोलतील. तिन्ही जॉबशीट (दर भेटीत कंपनीचा माणूस कामाची नोंद करतो तो कागद), बिल, वॉरंटी कार्ड आणि तक्रार क्रमांकांचे एसएमएस एकत्र करा. जॉबशीट दिली नसेल तर ईमेलने मागा. बाहेरच्या मेकॅनिकला आताच मागचा पत्रा उघडू देऊ नका, नाहीतर ‘तुम्हीच छेडछाड केली’ हे तयार उत्तर मिळेल.

मग कंपनी आणि दुकानदार दोघांनाही स्पीड पोस्टाने, पोचपावतीसह, पंधरा दिवसांची नोटीस पाठवा. दुकानदाराला वगळू नका; बिल त्याचं आहे. 1915 या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवरही तक्रार नोंदवा. फुकट आहे आणि कधी कधी तिथेच काम होतं. पण हेल्पलाइनवर तक्रार पडून आहे म्हणून दाव्याची मुदत थांबत नाही, हे लक्षात असू द्या.

दाद मिळाली नाही तर नागपूरच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, तुम्ही राहता तिथे दाखल करता येते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील लागतोच असं नाही, आणि ई-जागृती पोर्टलवरूनही भरता येते. मागणी अशी ठेवा: फ्रीज बदलून द्या किंवा 28,900 रुपये व्याजासह परत करा, नासलेल्या औषधाची भरपाई आणि खर्च. मनस्तापासाठी लाखांचा आकडा घालू नका, जे सिद्ध होतं तेच वजनदार ठरतं. आयोगाला गरज वाटली तर फ्रीज तपासणीला पाठवता येतो, त्याची फी आधी तुम्हाला भरावी लागू शकते. समोरच्याला उत्तरासाठी 30 दिवस आणि फार तर आणखी 15, त्यापुढे नाही. निकालासाठी कायद्यात तीन महिने, तपासणी असेल तर पाच महिने लिहिले आहेत. प्रत्यक्षात जास्त लागतात, मन तयार ठेवा.

दाव्याची मुदत दोन वर्षांची. सुरक्षित म्हणून ती पहिल्या तक्रारीपासून धरा, म्हणजे 11 एप्रिल 2027 च्या आत तक्रार दाखल झालीच पाहिजे.

नोटीस पोचली की कंपनीचा माणूस बहुधा स्वतःहून येईल. येऊ द्या, दुरुस्ती करू द्या. पण जाताना तो ओटीपी मागेल आणि तो दिला की त्यांच्याकडे तक्रार ‘सुटली’ म्हणून बंद होते. त्याला सांगा, आठ दिवस खालचं तापमान पाहून मग ओटीपी देते. आणि जॉबशीटवर सही करण्याआधी तुमच्या हाताने लिहा: ‘फ्रीझर गार, खालचा कप्पा 13 अंश, दोष पूर्वीचाच’.