घरीच शिकणाऱ्या १३-१४ वर्षांच्या मुलांसाठी अभिजात (क्लासिकल) पद्धतीचं, म्हणजे आधी पाठांतर, मग तर्क, शेवटी मांडणी या क्रमाने शिकण्याचं, वेळापत्रक कसं आखावं? (पुणे)

सकाळी डोकं ताजं असताना संस्कृत, रोज ४० मिनिटं. रविवारी एकदम तीन तास बसवलंत तर रूपं टिकत नाहीत. नुसतं पाठांतर नको. ‘बालकः पुस्तकं पठति’मध्ये ‘पुस्तकं’ला द्वितीया का, हे मुलानेच सांगायचं. मग तासभर गणित. इतिहास आणि विज्ञान एक दिवसाआड, प्रत्येकी दीड तास. शेवटी पुस्तक मिटून दहा ओळींचा सारांश. या वयात भर तर्कावर हवा, म्हणून शुक्रवारी एकाच मुद्द्याच्या दोन्ही बाजू लिहायला लावा (वाद घालायला मुलं तशीही तयारच असतात). गाडी घसरते ती विषय कोंबल्यामुळे. दिवसाला तीनच घ्या. दहावी एनआयओएसमधून (राष्ट्रीय मुक्त विद्यालयी शिक्षण संस्था, शाळेत न जाता परीक्षा देता येणारं मंडळ) करणार असाल तर वयाची १४ वर्षं पूर्ण लागतात. संस्कृत तिथे घेता येतं.