"मशीन चालवतो, पण मेंटेनन्स येत नाही"

भोसरीतल्या एका जॉबवर्कच्या (दुसऱ्या कंपन्यांना सुटे भाग बनवून देणाऱ्या) शॉपमध्ये अडीच वर्षं सीएनसी टर्निंगवर, म्हणजे संगणकाने चालणाऱ्या लेथवर असलेला चोवीस वर्षांचा मुलगा. बारावी पास, आयटीआय नाही. तीन इंटरव्ह्यूंत एकाच प्रश्नावर अडलेला. जाहिरातीत 'बेसिक मेंटेनन्स आवश्यक' असतं, आणि विचारलं की हा म्हणतो, "ते मेंटेनन्सवाले बघतात." नोकरी सोडून दोन वर्षांचा फिटर ट्रेड करावा का, ही काळजी घेऊन तो माझ्याकडे सल्ल्याला आला.

शिफ्टची पहिली पंधरा मिनिटं कागदावर लिहून आणायला सांगितली. त्याने लिहिलं: स्लाइडवे ऑइल (मशीनच्या सरकत्या भागांचं तेल) बघतो, कूलंट (कापताना थंडावा देणारं तेल-पाण्याचं मिश्रण) भरतो, चकला (जॉब, म्हणजे बनवायचा भाग, पकडणाऱ्या पंजाला) ग्रीस मारतो. काम हाताला होतं. का आणि किती, ते मात्र माहीत नव्हतं.

ऑइलचंच घ्या. पातळी भराभर उतरली तर गळती, हे त्याने बरोबर सांगितलं. आणि आठवडाभर उतरलीच नाही तर? "बरंच की, ऑइल वाचलं." गाडी इथेच अडते. ऑइल उतरत नाही म्हणजे पंप बंद किंवा फिल्टर चोंदलेला, आणि स्लाइड कोरडी घासतेय. गळतीपेक्षा हे वाईट, कारण जमिनीवर काही दिसत नाही.

दुसऱ्या भेटीला तो कूलंटचा आकडा घेऊन आला. रिफ्रॅक्टोमीटरवर (मिश्रण किती दाट ते दाखवणाऱ्या यंत्रावर) २, त्याला ड्रमवर छापलेल्या १.५ या गुणकाने गुणलं, म्हणजे ३ टक्के. त्याच्या कूलंटला हवेत ६ ते ८. रोज नळाचं पाणी ओतून टाकी भरली जात होती, म्हणून जॉबवर गंज. सोमवारच्या कुजक्या वासालाही तेच कारण, शिवाय वर तरंगणारं स्लाइडवे ऑइल कोणी काढत नव्हतं. नवं मिश्रण करताना आधी पाणी, मग ढवळत ढवळत कूलंट ऑइल. उलट केलं की ते नीट मिसळत नाही.

"साइज हलतोय (जॉबचं माप बदलतंय), काय कराल?" यावर त्याचं उत्तर ठरलेलं: ऑफसेट देतो, म्हणजे मशीनमध्ये टूलच्या जागेचा आकडा बदलतो. त्याआधी इन्सर्टची (कापणाऱ्या पात्याची) धार, क्लॅम्प स्क्रू, चकच्या जॉच्या (पकडणाऱ्या दाताच्या) सीटवर अडकलेली चिप आणि चकचं प्रेशर बघायचं. पातळ बुशला (नळीसारख्या पोकळ जॉबला) प्रेशर जास्त झालं तर चकमध्ये बोअर (आतलं भोक) गोल दिसतो, जॉब सोडल्यावर वेडावाकडा. तिथे ऑफसेट काय करणार?

इलेक्ट्रिकल पॅनल उघडणं ऑपरेटरचं काम नाही, हेही इंटरव्ह्यूत स्वच्छ सांगावं. पण बॅटरीचा अलार्म आला तर लगेच कळवायचं, आणि बॅटरी बदलेपर्यंत मेन स्विच पाडायचा नाही. ॲब्सोल्यूट एन्कोडरची (मशीनच्या भागांची जागा लक्षात ठेवणाऱ्या सेन्सरची) बॅटरी मशीनची वीज चालू ठेवूनच बदलतात, नाहीतर झीरो पोझिशन (मोजमापाची मूळ जागा) जाते.

ट्रेडचं म्हणाल, तर मेंटेनन्स विभागातच जायचं असेल तर फिटर किंवा मेकॅनिक मशीन टूल मेंटेनन्स करावा. चांगला ऑपरेटर व्हायला नोकरी सोडायची गरज नाही. मशीनवर काय दिसलं, काय केलं ते लिहायला त्याला शंभर पानी वही करायला लावली. पहिली नोंद अशी: "ऑइल पातळी ४ दिवस तीच. मेंटेनन्सला कळवलं. फिल्टर चोंदला होता, बदलला." पुढच्या इंटरव्ह्यूला प्रमाणपत्रांच्या फाइलबरोबर ही वहीही न्यायची, असं ठरलं.