माझ्या मावसभावावर नाशिकच्या सत्र न्यायालयात पोक्सोखाली (बालकांचे लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण करणारा कायदा) खटला चालू आहे आणि तो नाशिकरोड कारागृहात आहे; शिक्षा झाल्यास अमेरिकेसारखी लैंगिक गुन्हेगार म्हणून आजन्म नावनोंदणी करावी लागते का?

नाही. अमेरिकेत २००६ च्या संघीय कायद्यानुसार गुन्ह्याच्या श्रेणीप्रमाणे १५ वर्षे, २५ वर्षे किंवा आजन्म नोंदणी करावी लागते आणि त्यातील बरीच माहिती कोणालाही पाहता येते. आपल्याकडे दोषीने ठराविक काळाने स्वतः जाऊन नाव नोंदवण्याची अशी देशव्यापी सक्ती नाही. २०१८ पासून राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाकडे लैंगिक गुन्हेगारांची सूची आहे, परंतु ती तपास यंत्रणांपुरतीच खुली असल्याने शेजारी किंवा घरमालक ती उघडून पाहू शकत नाहीत.

तुमच्या मावसभावाचा खटला अजून चालू आहे असे तुम्ही लिहिले आहे, तेव्हा खरी चिंता बचावाची असावी. पोक्सोच्या कलम २९ नुसार काही गंभीर गुन्ह्यांत आरोपीने गुन्हा केला असे न्यायालय गृहीत धरते, आणि ते खोडून काढण्याचा भार आरोपीवर येतो. म्हणून पीडितेच्या वयाचा पुरावा, वैद्यकीय अहवाल आणि जबाबांतील विसंगती यांवरील उलटतपासणी निर्णायक ठरते (समझोत्याचा सल्ला देणाऱ्यांपासून मात्र दूर राहा). तो नाशिकरोड कारागृहात असल्याने उत्पन्न कितीही असले तरी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडून त्याला मोफत वकील मिळू शकतो. शिक्षा झालीच, तर मुंबई उच्च न्यायालयात अपील करता येते.