‘पावस वचूं दी, बाय’

प्रश्न (पत्र संक्षिप्त करून):
फोंड्याजवळच्या गावात आमचं जुनं घर आहे. स्वयंपाकघरात ओट्याखाली आणि वर भिंतीला मिळून कपाटांची चौदा दारं, सगळी फणसाच्या लाकडाची, काळपट पॉलिशची. यंदा चवथीला, म्हणजे गणेशचतुर्थीला, मुंबईहून दोन्ही जावा येणार, म्हणून ती पांढरी करून घ्यायचं ठरवलं. जुलैत गावातल्याच रंगाऱ्याला काम दिलं. पाऊस जाऊ दे, असं तो म्हणाला होता, पण मला चवथीआधी हवं होतं. आठ दिवसांत काम झालं. आता तीन आठवड्यांनी पांढऱ्यावर पिवळे-तपकिरी डाग उमटलेत, दारं हाताला चिकटतात, दोन तर बंदच होत नाहीत. फ्रिजजवळच्या दारावर माझ्या बोटांचे ठसे कायमचे बसलेत. पंधरा हजार मजुरी ठरली होती, त्यातले सात हजार मी अडवून ठेवलेत. तो सारखा फोन करतो. नवरा म्हणतो, देऊन टाक. चवथ पंधरा दिवसांवर आली. माझं काही चुकतंय का? आणि जावांना काय सांगू?

उत्तर:
ताई,
तुमचं मूळ पत्र चार पानी आहे. त्यात डाग आहेत, जावांची मुंबईतली स्वयंपाकघरं आहेत, नवऱ्यावरचा राग आहे. आणि तिसऱ्या पानावर अर्धं वाक्य आहे, जे तुम्ही घाईघाईनं लिहून पुढे गेलात. पाऊस जाऊ दे, असं तो म्हणाला होता. ‘पावस वचूं दी, बाय’ असंच म्हणाला असेल ना? मी तिथेच थांबले, आणि बाकीचं पत्र मला त्या अर्ध्या वाक्यावरूनच वाचावं लागलं.

तो म्हणाला होता, ताई. तुम्ही ऐकलं नाहीत.

आपण गोव्याच्या बायका. मे महिन्यात अंगणात कोकमाची सोलं घालतो, मिरच्या वाळवतो, पुरुमेंताची, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवायची, सगळी बेगमी जून लागायच्या आत डब्यात भरून मोकळ्या होतो. जुलैत सोलं वाळत घाल असं कुणी सांगितलं तर तुम्ही त्याच्याकडे बघतच राहाल. मग रंग वाळेल असं कसं वाटलं तुम्हाला? ऑइलपेंट म्हणजे नुसता थिनर उडून जाणं नव्हे. थिनर उडाल्यावर रंगातलं तेल हवेतला प्राणवायू घेऊन हळूहळू घट्ट होतं, आणि दमट, कोंदट हवेत ते फार रेंगाळतं. त्यात तुम्हाला आठ दिवसांत चौदा दारं हवी होती. पहिला हात पुरता बसायच्या आत दुसरा चढला. वर साय धरली आणि खाली रंग ओलाच राहिला. फ्रिजजवळच्या दारावर अंगठा टेकलात तेव्हा रेघान्‌ रेघ उमटली ती त्यामुळे.

डागांचं कारण वेगळं. फणसाच्या लाकडात मुळातच पिवळा रंग असतो. थायलंडमधले अरण्यवासी भिक्खू आपली चीवरं फणसाचा गाभा उकळून रंगवतात, इतका तो पक्का. अशा लाकडावर पाण्यातला प्रायमर लावला की ते पाणी लाकडातला रंग ओढून वर आणतं, आणि पांढऱ्यावर तो लपत नाही. पाण्यातलाच प्रायमर लावला, वास नको म्हणून, हेही तुमच्या पत्रात आहे. आधी लाखेचा हात द्यायला हवा होता, तो दिला नाही, आणि ही चूक त्याची. ती त्याला जरूर सांगा. पण पैसे त्याच्या हातात दिल्यानंतर.

तुम्ही म्हणाल, त्याला कळत होतं तर त्यानं काम घेतलंच कशाला? या प्रश्नाचा मला खरंच राग येतो. जून ते सप्टेंबर रंगाऱ्याला काय काम असतं हो? बाहेरच्या भिंती बंद, कुंपणं बंद, गेटं बंद. चार महिने हातावर हात. अशा दिवसांत गावातली ओळखीची बाई बोलावते, पंधरा हजारांचं काम देते, तेव्हा तो माणूस ‘नको’ एकदाच म्हणू शकतो. दुसऱ्यांदा म्हणायची त्याची ऐपत नसते. त्यानं ते एकदा म्हटलं, हा त्याचा प्रामाणिकपणा. गप्प बसून ब्रश काढला असता तरी तुम्हाला कळलं नसतं. पावसात करायचं हे त्यानं ठरवलं नाही, तुम्ही ठरवलंत. ठरवलं तुम्ही, आणि फटका त्याच्या मजुरीला, हे मला पटत नाही.

आणि चवथ काय फक्त तुमच्याच घरी आहे? त्यालाही माटोळीचं, म्हणजे गणपतीवर टांगायच्या फळांच्या आराशीचं, सामान घ्यायचंय. बाजारात सुपाऱ्यांचा घोस, नारळांचा घड, तोरिंजनाची फळं यांचे भाव चवथीच्या आदल्या दिवशी काय होतात ते तुम्हाला मी सांगायला नको. सात हजारांवर त्याच्या घरातला कुठला खर्च अडून राहिला असेल, हे तुम्ही एकदाही मनात आणलं नाही. चार पानांत तो तुमच्यासाठी फक्त ‘फोन करतो’ एवढाच आहे.

म्हणून माझं सांगणं एकच. सातच्या सात हजार द्या. माटोळीचा बाजार भरायच्या आत. फोनवरून पाठवू नका, नवऱ्याच्या हाती देऊ नका. स्वतः त्याच्या दारात जा आणि म्हणा, ‘तू सांगितलं होतंस, मी ऐकलं नाही.’ हे वाक्य जड जाईल, मला माहीत आहे. माझ्या घरी पायरीच्या कडाप्प्यावरून असाच प्रसंग झाला होता. गवंड्याला मी चार महिने टाळलं आणि पाचव्या महिन्यात देवळात तो समोर आला. त्याच्याकडे बघून हसायची हिंमत मला झाली नाही. अजून ते आठवलं की पोटात तुटतं. तुमचंही गाव तेवढंच आहे, देऊळही तेच असेल.

दारांचं म्हणाल तर आता त्यांना कुणी हात लावू नका. बंद न होणाऱ्या दोन दारांना रंधा मारायचा मोह होईल, मारू नका. पावसात लाकूड फुगतं, त्यात रंगाची जाडी वाढली. आज घासून बसवलंत तर मार्चमध्ये तिथे बोटभर फट दिसेल. चौदाही दारं बिजागऱ्यांसकट उतरवा, मागच्या खोलीत भिंतीला सुटी सुटी उभी करा, पंखा चालू ठेवा. एकावर एक रचू नका आणि मध्ये वर्तमानपत्रही घालू नका, ते रंगाला चिकटून बसेल. दारं काढून ठेवायला आणखी एक कारण आहे. चवथीला नेवऱ्यांचे, म्हणजे करंज्यांचे, घाणे त्याच ओट्यावर निघणार, आणि तेलाची वाफ त्या ओल्या रंगावर बसली की नंतर खरवडतानाही जीव जाईल.

उघड्या कपाटांना सुती पडदे लावा. ओट्याखाली स्प्रिंगच्या तारेवर छापील कापड, आपल्या आज्यांच्या स्वयंपाकघरात होतं तसं. दोन जुन्या साड्यांत काम होतं, एका दुपारी शिवून होतील. पाठीमागे स्टीलचे डबे असले की ते किती छान दिसतं, बघाच.

पैसे देताना त्याला दिवाळीनंतरची तारीख विचारा. हवा कोरडी झाली की मऊ रंग पूर्ण खरवडायचा, थिनरनं पुसायचा, धुण्याच्या सोड्याच्या पाण्यानं वर्षानुवर्षांचा तेलकटपणा काढायचा. मग चार-पाच दिवस सावलीत वाळवायचं आणि पॉलिशपेपर मारायचा. स्पिरिटमध्ये विरघळवलेल्या चपड्याचे, म्हणजे लाखेचेच, दोन हात द्यायचे, म्हणजे फणसाचा पिवळा आतच राहील. त्यावर तेलातला प्रायमर, मग रंग, दोन हातांमध्ये पुरते दोन दिवस. आतली आणि बाहेरची बाजू सारखीच रंगवायची, नाहीतर दार वाकतं. या कामाची मजुरी नव्यानं ठरवा. चपडा त्याच्याकडून राहिला होता, तेव्हा तो स्वतःहून थोडं कमी सांगेल असं मला वाटतं. नाही सांगितलं तरी घासाघीस करू नका.

खरवडल्यावर खालचं लाकूड उघडं पडेल तेव्हा मात्र एकदा उन्हात धरून बघा. जुना फणस पॉलिश उतरल्यावर मधासारखा दिसतो. तेव्हाही पांढराच हवा असेल तर खुशाल करा.

जावांचं तुम्ही विचारलंत. दारं कुठे गेली असं त्या विचारतील, तर पावसात रंगवायची घाई मी केली असं सांगा. मग त्यांच्या हातात नारळ आणि खवणी द्या. पातोळ्यांना चून, म्हणजे गूळखोबऱ्याचं सारण, लागणारच आहे.

आज दुपारी पाऊस उघडला तर आजच जा. फोन करून जा, म्हणजे तो घरी असेल.