तिघांनी कॅनडाला यायचं म्हणतेस, तर

तुझा प्रश्न दोनदा वाचला. तू, तुझा नवरा आणि तुझा जोडीदार पुण्यात काही वर्षं एकमेकांना सांभाळून आहात, तिघांमध्ये लपवाछपवी नाही. आता तुला कॅनडाच्या ओंटारिओ प्रांतात नोकरीची संधी आहे. तिसऱ्याला आणता येईल का, तिथे उघडपणे राहता येतं का, मत्सराचं काय होतं, श्रद्धेचं काय करायचं आणि घरच्यांना काय सांगायचं, असं तू विचारलंस. तुला अहोजाहो करत नाही, माझ्याहून बरीच लहान आहेस. मी त्याच प्रांतात हॅमिल्टनला राहते. आमचंही घर तिघांचं आहे, शिवाय एक मुलगी. नावं लिहीत नाही. नवरा म्हणजे नवरा, आणि दुसऱ्याला मी 'ध' म्हणते.

इमिग्रेशनचे पॉइंट्स, आयईएल्टीएस ही इंग्रजीची परीक्षा, डिग्रीचं मूल्यमापन हे सरकारी साइटवर नीट दिलेलं आहे, ते इथे पुन्हा सांगत नाही.

तुझ्या फाइलमध्ये तिसऱ्या माणसाला जागा नाही. इमिग्रेशन खातं लग्नाचं जोडपं मानतं, लग्नाशिवाय वर्षभर एका घरात संसार केलेलं जोडपंही मानतं, पण नातं दोघांचं आणि दोघांपुरतंच हवं. त्याला चुलतभाऊ म्हणून दाखव वगैरे सल्ले मिळतील, ते ऐकू नकोस. खोटी माहिती सापडली तर पाच वर्षं दार बंद होतं. त्याने स्वतःच्या शिक्षणावर, स्वतःच्या फाइलवर यायचं. ध असाच आला, आमच्या मागून दोन वर्षांनी, कॉलेजची फी भरून. परदेशी विद्यार्थ्याची फी इथल्या मुलांच्या कितीतरी पट असते. त्याचा फॉर्म आम्ही तिघांनी व्हिडिओ कॉलवर बसून भरला. आईचं नाव, वडिलांचं नाव, आणि जोडीदाराच्या रकान्यात काही नाही. कायद्याच्या दृष्टीने ते खरंच होतं. माझं नाव त्या माणसाच्या आयुष्यात कुठेच लिहिलेलं नाही, हे त्या दिवशी मी पहिल्यांदा डोळ्यांनी पाहिलं. मग पोलिसांचा दाखला, बँकेची पत्रं, प्रत्येक कागद नोटरी करून पुन्हा अपलोड. माझ्या पासपोर्टवर सासरचं नाव आणि पदवीवर माहेरचं, त्याचं वेगळं प्रतिज्ञापत्र. एजंटने तर ध ला लग्न करून टाकायचा सल्ला दिला होता, म्हणजे फाइल मजबूत होईल.

चीड येते ती याची, की हाच देश घरात शिरल्यावर वेगळा वागतो. न्यूफाउंडलंड प्रांतात २०१८ साली कोर्टाने अशाच एका घरातल्या तिघांना एका बाळाचे कायदेशीर पालक ठरवलं. ब्रिटिश कोलंबिया प्रांतात २०२१ साली तसंच झालं. ओंटारिओच्या २०१६ च्या कायद्याप्रमाणे गर्भधारणेआधी लेखी करार केला तर चार जणांपर्यंत पालक म्हणून नोंद होते, कोर्टात जावं लागत नाही. तुम्हाला मूल हवं असेल तर हे आत्ताच ध्यानात ठेव, कारण करार आधी लागतो. आमची मुलगी पुण्यात जन्मली, आम्हाला त्याचा काही उपयोग झाला नाही.

आणखी एक. बहुपत्नीत्व-बहुपतित्व इथे गुन्हा आहे, फौजदारी संहितेचं कलम २९३, शिक्षा पाच वर्षांपर्यंत. २०११ साली ब्रिटिश कोलंबियाच्या मुख्य न्यायाधीशांनी, रॉबर्ट बॉमन यांनी, बाउंटिफुल नावाच्या वस्तीतल्या बहुपत्नीत्वाच्या निमित्ताने या कलमाचा कस लावला आणि ते कायम ठेवलं. पण ते लग्नाला लागू आहे, मग ते कायदेशीर असो की धार्मिक विधीने झालेलं. नुसतं एकत्र राहणाऱ्यांना नाही. तेव्हा एकत्र राहा, पण तिघांनी हार घालून, अक्षता टाकून काही करायचं मनात असेल तर ते सोडून दे. आणि आल्याबरोबर वकिलाकडून दोन कागद करून घे : मृत्युपत्र, आणि आजारपणात तुझ्या वतीने निर्णय कुणी घ्यायचा त्याचा अधिकार. लग्नाशिवायच्या जोडीदाराला इथे मृत्युपत्राविना वारसा आपोआप मिळत नाही.

आता शाळा. तू मुलांबद्दल विचारलं नाहीस, तरी लिहिते, कारण ते अजून माझ्या मनातून गेलेलं नाही. मुलगी तिसरीत असताना वर्गात 'माझं कुटुंब' असं चित्र काढायला सांगितलं. तिने आम्हाला तिघांनाही काढलं, ध च्या हातात कढई दिली, कारण शनिवारचे पोहे तो करतो. बाईंनी तिला ध ला 'मित्र' लिहिलेल्या चौकटीत हलवायला सांगितलं. ती नाही म्हणाली. पुढच्या आठवड्यात तिला वर्गातून बाहेर नेऊन विचारलं, कोण कुठल्या खोलीत झोपतं, रात्री दार बंद असतं का, तुला भीती वाटते का. आम्हाला हे मुलीकडूनच कळलं. इथे मुलाच्या सुरक्षिततेची शंका आली तर शिक्षकांनी कळवलंच पाहिजे असा कायदा आहे, आणि तो चांगला कायदा आहे, माझ्या मुलीलाही त्याची गरज पडली असती तर मला तो हवाच होता. पण तिच्या घरात शंका घेण्याजोगं काय दिसलं? एक पोहे करणारा माणूस. काही निघालं नाही, कुणी घरी आलं नाही, आणि 'गैरसमज झाला' एवढी ओळही कुणी लिहिली नाही. त्यानंतर तिने घराचं चित्र काढलं नाही. आता आठवीत आहे, मैत्रिणींना ध ला 'काका' म्हणून सांगते. मी तिला कधी टोकलं नाही. शाळेतून कुणी घरी न्यायचं त्या यादीत त्याचं नाव पहिल्याच दिवशी घाल, आणि तिघंही एकत्र जाऊन बाईंना भेटा.

एकटेपणाबद्दल सगळे बर्फाचं सांगतात. बर्फ अंगवळणी पडतो. डिसेंबरात पावणेपाचला अंधार होतो तेही पडतं. माझ्या घरात जे झालं ते असं. पुण्यात मी ध कडे जायचे तेव्हा नवऱ्याची संध्याकाळ भरलेली असायची. त्याचा कट्टा होता, भाऊ होता, प्रायोगिक नाटकाच्या तालमी होत्या. इथे आल्यावर यातलं काहीच उरलं नाही. तो माझ्या फाइलवर आला, त्याचा परवाना माझ्यामुळे, बँकेत पहिलं नाव माझं. ध आल्यावर मी त्याच्या तळघरातल्या खोलीवर जायचे, आणि नवरा झोपलेल्या मुलीपाशी भिंतीकडे बघत बसायचा. तो मत्सराचं एक अक्षर बोलला नाही. भांडी आपटायचा. मला वाटलं, हा बदलला, याला आता हे पटत नाही. पुढे तो म्हणाला, "तू त्याच्याकडे जातेस याचं काही नाही गं. मला जायला जागाच नाही, याचं आहे." इतकी वर्षं मत्सर म्हणजे प्रेमाची वाटणी असं मी धरून चालले होते. त्याला माझ्या प्रेमात कमी काही दिसत नव्हतं. त्याच्या पायाखाली जमीन नव्हती.

माझीही पाळी आली. नवऱ्याला इथल्या नाटकाच्या ग्रुपमध्ये एक मैत्रीण भेटली आणि ते नातं वर्षभर चाललं. मी, जिने हे सगळं सुरू केलं, ती रात्री उठून त्याच्या बुटांवरचा बर्फ ताजा आहे का ते बघायची. ध ने मला समजावलं नाही, माझ्यासोबत जागा राहिला. समुपदेशकाचा उपयोग झाला, पण पहिल्याचा नाही. त्याला सगळं आमच्या संस्कृतीतून सुटू न शकल्यामुळे होतंय असं वाटायचं. दुसरी बाई फक्त विचारायची, या आठवड्यात तुमच्यातलं कोण एकटं होतं? आमच्याकडे अजून रविवारी रात्री हाच प्रश्न होतो.

घरच्यांचं सांगते. आई म्हणाली, "ही तिकडची थेरं." मी तिला सांगितलं, अगं, हे सुरू झालं तेव्हा मी सदाशिव पेठेत होते. तिच्याच वडिलांच्या कपाटात 'समाजस्वास्थ्य'चे अंक होते. र. धों. कर्वे १९२७ पासून मरेपर्यंत लैंगिक शिक्षणाचं ते मासिक काढत राहिले, अश्लीलतेचे खटले सोसले, १९३४ साली बाबासाहेब आंबेडकर त्यांच्या बाजूने कोर्टात उभे राहिले. खटला हरले, मासिक चालू राहिलं. स्त्रीच्या इच्छेबद्दल मराठीत तेव्हा छापलं जात होतं. आई यावर काही बोलली नाही, पण 'तिकडची' हा शब्द तिने पुन्हा वापरला नाही.

तू श्रद्धेबद्दलही विचारलंस. मी देव मानते. वारकऱ्यांच्या घरातली आहे. वटपौर्णिमेला दोरा गुंडाळणं मी थांबवलं, कारण सात जन्मांचं मागणं वडासमोर खोटेपणाने मागवत नव्हतं. एकादशी करते. घर घेतलं तेव्हा सत्यनारायण घातला. गुरुजींनी यजमानांचं नाव, गोत्र विचारलं. पाटावर नवरा आणि मी बसलो. ध स्वयंपाकघरात प्रसादाचा शिरा परतत होता. मी संकल्प थांबवून गुरुजींना म्हटलं, आणखी एक नाव घ्या, कुटुंबातलं आहे. त्यांनी 'सहकुटुंब' म्हणताना त्याचं नाव घेतलं, का ते विचारलं नाही. मंडळाच्या गणपतीत मात्र आजही तो 'आमचे मित्र' असतो. हळदीकुंकवाला एक वर्ष मला बोलावणं आलं नाही. ते दुखलं, आणि अजून दुखतं. आई पुढच्या वर्षी सुपर व्हिसावर, म्हणजे आईवडिलांना लांब मुक्कामासाठी मिळतो त्या व्हिसावर, येते आहे, चांगली राहायला. तिने फोनवर एवढंच विचारलं की त्याला पुरण आवडतं का.

तुझा प्रश्न पुन्हा वाचताना एक लक्षात आलं. जोडीदाराच्या व्हिसाबद्दल आहे, आईबद्दल आहे, सासूबाईंबद्दलही आहे. नवऱ्याबद्दल एवढंच की त्याला ठाऊक आहे. त्याला यायचंय का? तो तिथे काय सोडून येणार आहे, त्याची संध्याकाळ इथे कुठे जाणार आहे? त्याला विचार, आणि तो काय म्हणाला ते मला लिही. बाकीच्या कागदांचं मग बघू.