बाळंतपणातलं बीपी आणि आजचा दम

प्रश्न : वय ४७. पहिल्या खेपेला सातव्या महिन्यात बीपी वाढलं, सूज आली, लघवीतून प्रथिनं जात होती. सिझर लवकर करावं लागलं. नंतर बीपी उतरलं. आता रामटेकच्या पायऱ्या चढताना दम लागतो, पूर्वी लागत नसे. याचा त्याच्याशी संबंध असेल का?
– एक वाचक, मानेवाडा, नागपूर

उत्तर : असू शकतो, ताई. तुम्हाला झाला तो बहुधा प्रीएक्लॅम्प्सिया. बाळंतपणानंतर बीपी उतरलं तरी अशा बायकांना पुढे हृदयविकार आणि पक्षाघाताचा धोका साधारण दुप्पट असतो. अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०११ मध्येच त्याला धोक्याचा घटक मानलं. गरोदरपणातला मधुमेह आणि ४० च्या आत पाळी जाणं, यांनीही धोका वाढतो. तरी ओपीडीत बायकांना हे क्वचितच विचारलं जातं, याची मला फार चीड येते. म्हणून तुम्हीच आधी सांगा, जुनी फाइल असेल तर न्या.

दम वयाचा म्हणून सोडू नका. याच आठवड्यात बीपी, ईसीजी, साखर, कोलेस्टेरॉल, हिमोग्लोबिन तपासा. इको (हृदयाची सोनोग्राफी) लागेल का ते फिजिशियन ठरवतील. तोवर गड चढू नका. छातीत दडपण, जबडा दुखणं किंवा घाम आला तर लगेच १०८ ला फोन करा, रात्र असली तरी.